मापाचा माणूस

ज्या आठवड्यात बद्रीनाथला कामावरून कमी करायचं ठरलं, त्याच आठवड्यात त्याची पाठ एका अंतराळवीराच्या मापाची निघाली.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्याकडे माणसांना अवकाशात नेणाऱ्या नव्या यानाच्या आसनांचं काम होतं. यान उडायला अजून वेळ होता. त्याआधी त्याचा प्रत्येक भाग जमिनीवर तपासून घ्यायचा होता, आणि आसन तपासायचं तर कोणीतरी त्यात बसायला हवं होतं. त्यासाठी एक पुतळा आणला होता, पण कुठं टोचतंय ते पुतळा सांगत नाही आणि स्वतः उठून बाहेरही येत नाही. खुद्द अंतराळवीर प्रशिक्षणात गुंतले होते. म्हणून आसनांचं काम बघणाऱ्या इंजिनिअर तनुजा मॅडमनी टेप घेऊन सगळ्या कामगारांची मापं घेतली. खांदे, पाठ, कंबर, मांडी, सगळं जुळलं ते स्टोअरमधल्या बद्रीनाथचं.

स्टोअर नुकतंच संगणकावर गेलं होतं. महिनाअखेरीस बद्रीनाथची गरज संपणार होती.

"काका, तुमच्या पाठीचा साचा घेऊन आसनाची गादी करायची आहे," तनुजा म्हणाली. "बंगळूरची टीम तपासणीला येईपर्यंत तुम्ही इथंच. ती नीट पार पडली तर पुढच्या आसनांनाही तुम्हीच."

"मला काय करायचं हाय?"

"बसायचं. आणि जाड व्हायचं नाही."

इतकं सोपं काम बद्रीनाथला आजवर कोणी दिलं नव्हतं. त्यामुळेच त्याला धास्ती वाटली.

साचा झाला. मग नारिंगी पोशाख चढवून त्याला आसनात बसवलं, तेव्हा शेजारच्या विभागातल्या राजकुमारने फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'आपले बद्रीकाका'. बद्रीनाथ संध्याकाळी घरी पोचला तेव्हा त्याची बायको वच्छलाबाई भिंतीला टेकून बसली होती. चूल थंड होती.

"कवा निघायचं?" तिनं विचारलं.

"कुठं?"

"मला इचारता व्हय? समद्या गावाला ठाऊक हाय."

"अगं, मी जाणार नाय. नुसतं बसायचं हाय."

"बसल्याबिगर जाता येतंय का?"

बद्रीनाथ स्वतःच चूल पेटवायला बसला.

काशीला निघालेल्या माणसाला घरोघरी जेवायला बोलवायची त्यांच्या गावात रीत आहे. तो परत येईल न येईल, आपल्या हातचे चार घास त्याच्या पोटात जावेत, एवढाच त्यामागचा विचार. काशीला जाणाऱ्याचं हे कौतुक, तर काशीच्याही वर जाणाऱ्याचं किती होणार. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या भागूबाईनं त्याला पाटावर बसवून पुरणपोळी वाढली आणि समोर बसून डोळ्याला पदर लावला.

"आमच्या ह्यांना बी अशीच वाढली व्हती," ती म्हणाली. "दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी."

"मावशी, मी कुठंच जात नाय."

"ते बी असंच म्हनले व्हते." आणि तिनं आणखी एक पोळी वाढली.

नाही म्हणावं तर घराचा अपमान, खावं तर नोकरी जायची. बद्रीनाथने त्यावर आपल्या परीने तोड काढली. तो घरी जेवेनासा झाला. वच्छलाबाईला वाटलं, निघायच्या विचारानं ह्यांची अन्नावरची वासनाच उडाली. ती रोज शिरा करू लागली आणि शेजारी बसून संपेपर्यंत हलेना.

एवढ्यावर कदाचित निभावलं असतं. पण चौथ्या दिवशी दारात बिभीषण आला.

बिभीषण त्याचा थोरला भाऊ. घर दोन गल्ल्या पलीकडे, बोलणं नऊ वर्षं बंद. बिभीषणच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत बद्रीनाथचं नाव बिभीषणच्या साडूच्या खाली छापलं गेलं होतं. सख्खा काका साडूच्या खाली. बद्रीनाथ लग्नाला गेला, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आला. तेव्हापासून दोघं रस्त्यात समोरासमोर आले की एकजण पानटपरीकडे वळायचा. दोघांपैकी कोणीही पान खात नव्हतं.

"उद्या जेवायला ये," बिभीषण उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला.

"दादा, मी..."

"मागलं मनात धरू नगंस. लई लांब निघालास, बद्री."

बद्रीनाथने तोंड उघडलं होतं. आपण जात नाही, हे तो तोवर सगळ्या गावाला सांगून दमला होता. आता सांगितलं आणि नेमकं याला पटलं, तर भाऊ आल्या पावली परत फिरला असता. त्याने तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी शालूवहिनीनं वाढलं आणि बिभीषणने स्वतःच्या हाताने तुपाची धार धरली. ती थांबेना.

"तिकडं जेवायचं काय करतेत?"

"पाकिटात भरून देतेत म्हनं."

"पाकिटात," बिभीषण पुटपुटला आणि त्याने पुन्हा तूप वाढलं. हात धुताना तो म्हणाला, "उद्या बी ये." मग परवाही. नऊ वर्षांची जेवणं होती, आणि बिभीषणला ती सगळी भाऊ निघायच्या आत उरकायची होती.

कारखान्यात तनुजाच्या डोक्यात आसनाचे बोल्ट आणि पट्टे होते. येता-जाता ती विचारायची, "काका, वजन तेवढंच ना?"

"तेवढंच," बद्रीनाथ म्हणायचा आणि सदऱ्याचं खालचं बटण हाताने झाकायचा.

तीन आठवड्यांनी बंगळूरहून तिघे आले. त्यांच्यातल्या प्रमुख बाई फार कमी बोलणाऱ्या होत्या. बद्रीनाथ आसनात उतरला. खांदे बसले. कंबर बसताना बाटलीला बूच लागावं तसा आवाज झाला. राजकुमारने गुडघा रेटून पट्टे आवळले.

"बरं वाटतंय ना?" तनुजाने विचारलं.

"व्हय," बद्रीनाथ उरलेल्या श्वासात म्हणाला.

मग धोक्याची घंटा वाजवली. यानात आग लागली असं समजून पट्टे सोडून झटपट बाहेर यायचं होतं. पट्टे सुटले. बद्रीनाथ सुटला नाही. त्याने जोर केला तसं अख्खं आसन चौकटीसकट करकरलं. तनुजा हातातल्या घड्याळाकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने बघणं सोडून दिलं. शेवटी चौघांनी हात धरून ओढलं, तेव्हा तो बाहेर आला आणि त्याच्या पाठीला चिकटून गादीही आली. नारिंगी पोशाखातलं ते कासव पाहुण्यांसमोर मान खाली घालून उभं राहिलं.

त्याला काट्यावर उभं केलं. सहा किलो जास्त भरलं.

तनुजा ओरडली नाही. ओरडली असती तर बद्रीनाथला बरं वाटलं असतं.

"काका, असं का केलंत?"

"भाऊ जेवायला घालत व्हता," तो म्हणाला. "नऊ वर्सांनी."

तनुजाने ते इंग्रजीत सांगितलं. प्रमुख बाई गादीकडे आणि मग बद्रीनाथच्या कमरेकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, माप घेतलं त्या दिवशी होता तसाच अंतराळवीर कायम राहील, हे आपण कशावरून धरलं? वर गेल्यावर पाठीचा कणाही लांबतो. आसनाने माणूस धरला पाहिजे, तसा सोडलाही पाहिजे. हे आसन नापास. बरं झालं, जमिनीवर कळलं. नवी गादी करा, आणि तिची तपासणी होईपर्यंत या गृहस्थांना आहेत त्याच वजनावर ठेवा.

म्हणजे नोकरी वाचली. जाड राहण्याच्या अटीवर.

बद्रीनाथ घाईघाईने गावात शिरला, पण राजकुमारचं स्टेटस त्याच्या आधी पोचलं होतं. कासव सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते कुठंही उडत नाही हेही सगळ्यांना कळलं होतं. भागूबाईनं त्याला बघून कवाड लोटलं. वच्छलाबाईनं माहेरी अगदी दौलताबादपर्यंत सांगून ठेवलं होतं. तिनं त्याच्यापुढे अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा ठेवला आणि पाठ फिरवली. आठवडाभर तेच ताट.

"काका, दोन किलो उतरलात," तनुजा म्हणाली. ती आता रोज वजन करत होती. "असंच चाललं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

त्या संध्याकाळी बद्रीनाथ दोन गल्ल्या ओलांडून गेला. बिभीषण दाराच्या चौकटीला पाठ लावून, उंबऱ्यावर पाय पसरून बसला होता. तो उठला नाही.

"जाणार नव्हतास," बिभीषण म्हणाला.

"नाय."

"पयल्यापासनं ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"मी तूप वाढीत व्हतो आन् तू गप."

"बोललो असतो तर वाढलं असतंस का?"

बिभीषण रस्त्याकडे बघत राहिला. कोणाची तरी मोटारसायकल गेली.

"मग आता कशाला आलास?"

"जेवायला."

आतून शालूवहिनीच्या भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"पिठलं हाय," बिभीषण म्हणाला. "तूप मिळायचं नाय."

"चालंल."

बिभीषण दारातून हलला नाही. त्याने पाय तेवढे जवळ ओढून घेतले. उरलेल्या फटीतून बद्रीनाथ श्वास आत ओढून, तिरका होऊन, कसाबसा घरात शिरला.