तळ्याला वळसा

जयंतराव किन्हीकरांनी आनंद नगरचं घर भाड्याने दिलं आणि रायसेनच्या वाटेवरच्या एका खेड्यात, तळ्याकाठी बिऱ्हाड थाटलं, ते केवळ चालण्यासाठी. कारखान्यातून निवृत्त होताच साखरेने डोकं वर काढलं होतं आणि डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं होतं. आनंद नगरात तासभर चालायचं म्हणजे त्यातली पन्नास मिनिटं गाड्या चुकवायच्या.

त्यांच्या पत्नी रजनीताईंना शहर सोडवत नव्हतं. त्यांनी निघतानाच बजावलं, "तीन महिने बघते. साखर उतरली नाही, तर सामान परत आनंद नगरला."

पहिल्याच सकाळी जयंतराव पांढरे बूट घालून, हात हलवत, झपाझप निघाले. चहाच्या टपरीवरून मिश्रीलालने हाक मारली, "साहब, क्या खो गया?"

"कुछ नहीं. घूम रहा हूँ."

तासाभराने तळ्याला वळसा घालून ते तिथेच परत आले, रिकाम्या हाताने. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. या गावात माणूस चालायचा तो शेतावर जायला, नाहीतर हरवलेलं जनावर शोधायला. एवढ्या घाईने निघून निघाल्या जागीच परत येणारा माणूस गावाने कधी पाहिला नव्हता. साहेबांचं काहीतरी मोठं हरवलंय आणि बिचारे संकोचाने सांगत नाहीत, यावर गावाचं एकमत झालं.

मग माणुसकी सुरू झाली. पन्नास पावलं चालले की कुणीतरी त्यांना खाटेवर बसवायचं. "मिल जाएगा साहब, चाय पियो." चहा पाकासारखा गोड. नको म्हणावं, तर बायका हळहळायच्या, "देखो, दुख में चाय भी नहीं उतर रही." महिन्याने तपासणी केली, तर साखर उतरायच्या ऐवजी चांगली वीसने चढलेली.

"रोज चालतोय गं मी. हे झालं कसं?" जयंतराव कागद उलटसुलट करून बघत राहिले.

"मी खोकी काढून ठेवते," रजनीताई म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी मिश्रीलालने पुन्हा तेच विचारलं, तेव्हा वैतागून ते बोलून गेले, "बकरी! बकरी खो गई है!"

संध्याकाळी दारात गावातली कमलबाई हजर. हातात दोरी, दोरीला एक कान फाटलेली काळी शेळी, आणि मागे अर्धं गाव. "चार दिन से मंदिर पे बैठी थी, लावारिस. यही है ना, साहब?"

जयंतरावांनी त्या सगळ्या आशेने बघणाऱ्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि दोरी हातात घेतली. "हाँ. यही."

गाव निश्चिंत झालं. रजनीताईंनी कमलबाईला साखरेची गोष्टही सांगून टाकली, तेव्हा चहाही थांबला. जयंतराव सुखाने फिरू लागले आणि साखर उतरू लागली. शेळीचं नाव चंपा पडलं. नवऱ्याआधी तिची न्याहारी होऊ लागली आणि आनंद नगरचा विषय निघेनासा झाला. फक्त जयंतरावांनी बूट घातले, की चंपा त्यांच्यामागे जायला दावं ओढायची.

एके सकाळी ते फाटकाबाहेर पडतायत, तोच मागून रजनीताईंची किंकाळी आली. "अहो, चंपाचं दावं तुटलंय! तिला घेऊनच या! ती नाही, तर मीही इथे राहायची नाही!"

"चंपा! चंपा!" करत, झुडपांत वाकून बघत जयंतराव तळ्याकाठाने धावू लागले. लोक हसून हात हलवत होते. "घूमिए साहब, घूमिए!"

"अरे, बकरी खो गई!"

"मिल तो गई थी!" कमलबाई खिदळली.

त्यांना काही कळेना. काही हरवलं नव्हतं तेव्हा अख्खं गाव मदतीला, आणि आज खरोखर हरवलंय तर एकजण जागचा हलत नाही! दोन वळसे झाले. धापा टाकत ते टपरीशी थांबले. "मिश्रीलाल, मेरी बकरी देखी?"

मिश्रीलालने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे पाहिलं.

"साहब, आपका तो समझ में आता है," तो काळजीने म्हणाला, "बकरी को भी शुगर है क्या?"

जयंतरावांनी वळून पाहिलं. गळ्यात दाव्याचा तुकडा लोंबवत चंपा मागे उभी होती, आणि तिलाही चांगलीच धाप लागली होती.