पिवळीचा उपास

निपाणीच्या शाळेत मी छत्तीस वर्षं तानापिहिनिपाजा शिकवलं. तेव्हा बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये नातीसाठी मासे निवडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! इंद्रधनुष्याचा एकेक रंग, एकेक मासा. पोरगी खेळता खेळता मराठी शिकेल.

मासे रंगावरून नाही, स्वभावावरून निवडायचे असतात, असं दुकानदार मंजुनाथनं दोनदा सांगितलं. मी कसला ऐकतोय? सहा रंग मिळाले. जांभळ्याशी गाडी अडली, तेव्हा एक निळसरच मासा पुढे करून तो म्हणाला, "सर, स्वल्प ॲडजस्ट माडी."

नात आसावरी रोज काचेला नाक लावून रंग म्हणायची. पिवळी मात्र आणल्यापासून जेवेना. दाणे टाकले की बाकीचे तुटून पडत. ही कोपऱ्यात गाल फुगवून बसलेली, लग्नात मानपान न मिळालेल्या मावशीसारखी. मी घसा सुजल्याचं निदान केलं. दोन आठवडे झाले, तेव्हा साथ वर्गभर पसरायच्या आत तिला बदलून आणायचं ठरवलं.

"आजोबा, आजारी मुलांना तुम्ही शाळेतून काढून टाकायचात?" आसावरीनं विचारलं.

मी लोणच्याची रिकामी बरणी धुवायला घेतली.

रिंग रोडवर रिक्षा अडकली. बरणी आसावरीच्या मांडीवर. अर्ध्या तासानं पिवळीनं तोंड उघडलं आणि आतून एक मासा बाहेर आला. भाताच्या शिताएवढा, डोळ्यांसकट! मग दुसरा. मग पाच. येतच राहिले. रिक्षावाल्या अण्णांनी वळून पाहिलं आणि इंजिनच बंद केलं. सिग्नल सुटला तरी आम्ही तिथंच. मागून हॉर्न कडाडले, तशी सगळी पिल्लं झपकन पिवळीच्या तोंडात गेली.

"खाल्ली तिनं," आसावरी रडायला लागली. मलाही तसंच वाटलं.

अण्णा बेळगावकडचे निघाले. रिक्षा कडेला घेत म्हणाले, "रडू नको पुट्टी. भ्याली, म्हणून आईकडं गेली बघ."

आम्ही तिघं बरणीवर वाकून बसलो. जरा शांत झालं, आणि एकेक करून सतरा पिल्लं पुन्हा बाहेर आली. रिक्षा घराकडे वळवायला मी सांगितलंच नाही, अण्णांनीच वळवली.

मंजुनाथला फोन केला. तो म्हणाला, "ही जात पिल्लं तोंडात वाढवते, तोवर जेवत नाही. मी स्वभाव सांगत होतो सर, तुम्ही रंग विचारत होता."

आता माय-लेकरांसाठी वेगळी टाकी आलीय. तिच्यासमोर आसावरी मला रोज इंद्रधनुष्य म्हणायला लावते: ता, ना, पि, पि, पि, पि... एक जरी पि चुकली, की पहिल्यापासून.