पास्कूकाकांचे सात फोन

सिंगापूरच्या बुकित बातोकमधल्या आमच्या मजल्यावर रोज संध्याकाळी एकच माणूस सात वेळा वारतो. नवीन माणूस दचकतो, आम्हाला सवय झालीय.

हा सगळा पास्कूकाकांचा प्रताप. काका मूळचे वसईकडच्या एका खेड्यातले, आता मुलीकडे राहायला आलेत. त्यांच्या गावच्या चर्चने आसपासच्या वाड्यांसाठी इंटरनेटवर रेडिओ काढलाय. काकांनी शेजारपाजारचे जुने फोन मागून आणले, ओट्यावर ओळीने मांडले आणि सातही फोनवर तोच रेडिओ लावला. प्रत्येक फोन आधीच्यापेक्षा जरासा मागे. त्यामुळे "बावखल तळ्यापलीकडचे फ्रान्सिसमामा प्रभूच्या घरी गेले" हे सातही जण एकामागून एक सांगतात. फ्रान्सिसमामा कोण, देव जाणे, पण सातव्यांदा ऐकेपर्यंत माझाच जीव जायची वेळ येते.

"काका, एक फोन पुरत नाही का हो?"

"शू! लाइव्ह आहे, लाइव्ह!"

जसं काही मी बोलले तर तिकडे केळीच्या बागेत ऐकू जाणार! एकदा माझा नवरा शिंकला, त्यालाही हीच तंबी. बरं, बातमी स्वतःपुरती ठेवतील तर ते काका कसले? लिफ्टमध्ये समोरच्या चिनी आजींना म्हणाले, "टुमारो नो वॉटर!" आजींनी घरातल्या सगळ्या बादल्या भरून ठेवल्या. पाणी जाणार होतं वसईत! माझी लेक खिदळत म्हणाली, "अंकल सो फनी, ला!"

आणि ती निवेदिका! बाई बोलत नाहीत, खेकसतात. "उद्या चर्चमध्ये मिस्सा साडेसहाला! उशीर करू नका!" असं ओरडल्या की मी इथे चपला शोधायला लागते.

मागच्या महिन्यात काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. निघताना त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "संध्याकाळी फोन लावाल ना? सातच्या सात?"

मी भडकलेच. "अहो, आधी गुडघ्याचं बघा! मुलगीही तुमच्याबरोबर हॉस्पिटलात, घरात कुणी नाही, ऐकणार कोण? ओटा?"

काका पहिल्यांदाच हळू बोलले. "ती खेकसते ना, ती माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आता कान पार गेलेत. मोबाइल कपाटात टाकलाय तिने. वाजलेला कळत नाही तर ठेवायचा कशाला, म्हणते. पण किती जण ऐकताहेत तो आकडा तिला समोर दिसतो. ऐकणारे नसतील तर संध्याकाळच्या सूचना बंद करू, असं फादर म्हणालेत. मग ती काय करणार दिवसभर? आणि मला तिचा आवाज कुठून मिळणार?"

मी किल्ली घेतली.

संध्याकाळी सातही फोन लावले. वर माझाही लावला. सूचना संपल्या आणि बाई थांबल्या.

"आज आठ? पास्कू, आठवा कुणाचा उचललास? परत दे त्याचा त्याला!"

म्हणजे बाईंना सगळं ठाऊक होतं! आणि हे चक्क लाइव्ह सांगत होत्या. सांगेनात का, त्यांचं ऐकायला दुसरं होतं कोण?

मग आवाज एकदम खाली आला. "जेवलास का रे?"

दुसऱ्या फोनने विचारलं, जेवलास का रे. तिसऱ्याने विचारलं. रिकाम्या स्वयंपाकघरात एकेक फोन विचारत गेला आणि माझे डोळे भरून आले. आठव्याला मला राहवेना.

"जेवले हो बाय, पास्कू जेवले," मी मोठ्याने ओरडून सांगितलं.