फोन परत करतो

यंत्र म्हणजे जनावर, हात ओळखीचा वाटला की गुपचूप चालायला लागतं, असं फिटरचं म्हणणं होतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो हे ऐकवायचा, मग समोरचा माणूस नुसता पत्ता विचारायला आलेला का असेना. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करायचं दुकान. गिऱ्हाइकं त्याला फिटर म्हणत, बायको अहो म्हणे, आणि पन्नाशी आली तरी बाळ्या म्हणणारी जगात एकच बाई होती. ती म्हणजे त्याची थोरली बहीण, ताई. आई गेल्यावर तिनेच त्याला न्हाऊमाखू घालून मोठं केलं होतं.

या ताईशी त्याचा वर्षभर अबोला होता. कारण काय, तर मिक्सर! ताईकडे पाहुणे जेवायला आले होते आणि ऐन वेळी मिक्सर बसला. फिटरने तो तिथल्या तिथे उघडला, जोडला आणि मोठ्या ऐटीत बटण दाबलं. झाकण उडालं. टोमॅटो आधी छतावर गेले आणि तिथून पाहुण्यांवर आले. ताई चारचौघांत म्हणाली, "बाळ्या, तुझ्या हाताला यश नाही रे." कारागिराला याहून वाईट काय बोलायचं असतं? त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. फिटर भरल्या ताटावरून उठला आणि पुन्हा म्हणून त्या घराची पायरी चढला नाही. ताईही काही कमी नव्हती. चूक कबूल करायची वेळ आली की तिची दातखीळ बसते, हे अख्ख्या खानदानाला माहीत होतं.

अशा ताईने एक दिवस नवऱ्याच्या, म्हणजे भाऊजींच्या हाती नवाकोरा स्मार्टफोन पाठवला. संध्याकाळी मी त्याच्यावर फोन करणार आहे, मला बोलायचंय, असा निरोपही दिला. फिटर मनातून फुलून गेला, पण तसं दाखवील तो फिटर कसला! फोन जरा गुळगुळीत आहे, एवढंच तो म्हणाला. भाऊजींची पाठ वळताच त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर कापलं आणि फोनला घट्ट कव्हर शिवलं. कामाच्या तेलकट हातातून निसटायला नको. बायको म्हणाली, अहो, त्याला श्वास तरी घेऊ द्या. फिटरने तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी ताईचा फोन आला. तिने हवापाण्याची चौकशी केली, वहिनीच्या गुडघ्याची चौकशी केली, मग घसा खाकरला. "बाळ्या, त्या दिवशी मी जे बोलले ना, ते माझं..."

आणि फोन गेला. पडदा काळा झाला, मग कंपनीचं चित्र आलं, मग एक गोड धून वाजली आणि फोन नव्याने जन्माला आल्यासारखा हसायला लागला. वर्षभर ज्या वाक्याची वाट पाहिली, त्याचं क्रियापद तेवढं राहिलं होतं! ताईने पुन्हा फोन केला, पुन्हा घसा खाकरला, पुन्हा 'माझं'पर्यंत आली आणि पुन्हा ती मेली धून वाजली. तिसऱ्या वेळी तर तिला घसाही पुरता खाकरता आला नाही.

आता ताईला सांगावं की तू दिलेला फोन बिघडलाय, तर ती काय म्हणणार? तुझ्या हातात आल्यावर बिघडला. म्हणजे परत तोच मिक्सर, तेच टोमॅटो. हा फोन आपणच गुपचूप दुरुस्त करायचा आणि ताईचं वाक्य पुरं करून घ्यायचं, असं फिटरने ठरवलं.

पण या फोनला धड एक स्क्रू दिसेल तर शपथ! पंखा थोपटला की चालतो, म्हणून त्याने फोन थोपटला. चार्जर बदलला, प्लग बदलला. औषधाच्या दुकानवाल्याने सांगितलं की फोन तापत असेल, गार करा. फिटरने तो फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवला. बायको दही घ्यायला गेली, तर दह्यातून धून वाजली आणि तिच्या हातून पातेलं पडलं. शेजारच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, त्यातलं सगळं पुसून टाका, कोरी पाटी करा. फिटरने तेही केलं. फोन ताईचा नंबर विसरला, तारीख विसरला, मराठी विसरला. बंद पडायचं तेवढं मात्र विसरला नाही.

बायको म्हणत होती, अहो, ते कव्हर काढून बघा ना. तिने हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा फिटर एवढा चिडला की शेजारणीने खिडकी लावून घेतली.

"कव्हर माझ्या हातचं आहे. त्यात दोष नाही," तो म्हणाला.

शेवटी बायकोकडून नंबर घेऊन, दोन धुनांच्या मधल्या सवडीत, त्याने घाईघाईने ताईला निरोप टाइप केला: 'फोन परत करतो.' म्हणजे पुन्हा करतो. पण आपल्या भाषेतला हा 'परत' दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा असतो, हे त्याच्या ध्यानात कुठलं यायला!

ताईने तो निरोप वाचला आणि डोळ्याला पदर लावला. एवढ्या मायेने दिलेली वस्तू भाऊ परत करायला निघाला! (हे सगळं नंतर भाऊजींनी सांगितलं.) डोळे पुसून तिने उत्तर धाडलं: 'फोन परत करू नकोस. तुला माझी शपथ.'

फिटरने ते दोनदा वाचलं. पुन्हा फोन करू नकोस? वर शपथ? सख्ख्या बहिणीने दार बंद केलं, तेही कडी लावून. त्याने 'बरं' एवढंच लिहिलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून बसून राहिला.

तिकडे ते 'बरं' वाचून ताईचा जीव भांड्यात पडला. ऐकलं हो पोराने, ठेवून घेतला फोन, असं म्हणत तिने उत्साहाने त्याला फोन लावला. तो 'माझं'वर गेला. पुन्हा लावला, पुन्हा गेला. मग मात्र तिचं डोकं फिरलं. वस्तू ठेवून घेतो आणि मी बोलायला लागले की फोन कापतो! ती दोन बस बदलून थेट दुकानात येऊन उभी राहिली.

"कापतोस कशाला रे?"

"तूच शपथ घातलीस ना, परत करू नकोस म्हणून? मग आता आलीस कशाला?"

"मग केलास का परत?"

"नाही केला!"

"मग मी काय वेगळं सांगितलं होतं?"

दोघंही अगदी एकच गोष्ट सांगत होते आणि दोघंही रडकुंडीला आले होते. बायकोने मध्ये पडून दोन्ही निरोप मोठ्याने वाचून दाखवले. "वन्सं, यांचं परत म्हणजे पुन्हा. आणि अहो, वन्संचं परत म्हणजे माघारी." दोघांनी एकदम फोनकडे पाहिलं. फोनने तेवढी एक धून वाजवून घेतली.

ताईने फोन हातात घेतला. हे काय घोंगडं पांघरलंयस याला, असं म्हणत टेबलावरची कात्री उचलली आणि कव्हर टराटरा कापून काढलं. रबर फोनच्या कडेचं चालू-बंद करायचं बटण सारखं दाबून धरत होतं. कव्हर निघालं आणि फोन गरीब गाईसारखा गप्प झाला. बायको वर पंख्याकडे बघत राहिली. फिटर मान खाली घालून ते जुनं वाक्य ऐकायच्या तयारीत उभा होता. ताईने तोंड उघडलं, आणि मिटलं.

चहा झाल्यावर त्याने धीर करून विचारलं, "ताई, ते त्या दिवशी तू जे बोललीस, ते तुझं... काय?"

ताईचे कान लाल झाले. "असं तोंडावर नाही सांगता येत मला," ती म्हणाली. "घरी गेल्यावर फोन करते."

आणि ती खरंच दोन बस बदलून घरी गेली आणि तिने फोन केला. घसा खाकरला.

"बाळ्या, त्या दिवशी माझं चुकलं. चारचौघांत तुला तसं बोलायला नको होतं. आई गेल्यावर घरातली वायर न् वायर तूच जोडलीस, मला काय ठाऊक नाही? तुझ्या हाताला यश आहे रे..."

आवाज अगदी स्वच्छ येत होता. फोन ना तापत होता, ना धून वाजवत होता. ताईची दातखीळ एकदा उघडली ती आता मिटायला तयार नव्हती आणि फिटरचा हुंदका पार गळ्यापर्यंत आला होता. बहिणीला तो ऐकू गेला असता तर शोभा झाली असती. त्याने कडेचं बटण अंगठ्याने दाबलं आणि पडदा काळा होईपर्यंत दाबून धरलं.

"काय हो, काय झालं?" बायकोने आतून विचारलं.

"गेला परत," फिटर नाक पुसत म्हणाला. "तुला सांगत होतो ना, कव्हरचा काही दोष नव्हता म्हणून."