माहेरचं बी

मी फक्त एक गोचीड बाटलीत ठेवली. एवढंच. पुढचं सगळं तिने आणि सासूबाईंनी केलं.

आमच्याकडे दोन शेळ्या आणि एक मेंढी. तिघीही ह्यांचा जीव की प्राण. (माझा नंबर चौथा, हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं.) त्या तिघींना गोचिडींनी नुसतं पिळून काढलं होतं. गोठ्यात औषध फवारून झालं होतं, तरी हे रोज संध्याकाळी चिमटा घेऊन कानांत, शेपटीखाली, मेंढीच्या लोकरीत शोधत बसायचे. सापडलेली गोचीड रॉकेलच्या डब्यात. डबा धरायचं काम माझं.

सासरे वैतागले होते. "गुरांचे डॉक्टर परत येतील तेव्हा जिच्या अंगावर एक जरी गोचीड दिसली, ती त्याच दिवशी घराबाहेर! मग कुणी का असेना!"

ह्यांचा चेहरा बघवेना.

अशात एक गोचीड निघाली ती चांगली मनुक्याएवढी टम्म. एवढं पिऊन ही पुढे करते तरी काय, असं माझ्या मनात आलं. (शांत माणसाला उद्योग नसतात, असा लोकांचा उगीचच समज असतो.) मी ती अत्तराच्या रिकाम्या बाटलीत घातली, वर पातळ फडकं बांधलं आणि बाटली कपाटात ठेवली.

तिने अंडी घातली! तपकिरी, चकचकीत, ढीगभर. मग स्वतः सुकून गेली. मी येता-जाता कपाट उघडून बघायची. ह्यांना वाटायचं, लग्नातले कपडे बघतेय.

एके सकाळी बाटली गायब. आमच्या खोलीच्या खिडकीत एक नवी कुंडी, माती ओली, आणि शेजारी खुशीत सासूबाई.

"लपवून ठेवलंस होय गं! माहेरचं बी ना? फळ पार वाळलं होतं, पण बी बघ कसं भरलंय!"

"आई, ते बी नाही, ते..."

"कळतं गं मला. साधंसुधं असतं तर फडकं बांधून ठेवलं असतंस का? आता उगवेल तेव्हाच बघू कसलं आहे ते!"

त्या इतक्या मायेने माती थोपटत होत्या, की माझी जीभच उचलेना. आणि खरं सांगू? काय उगवतं ते मलाही बघायचं होतं. कुंडी वेळेवर गुपचूप उचलायची, असं मी ठरवलं. वेळ नेमकी कोणती, तेवढंच माहीत नव्हतं.

सासूबाई न चुकता पाणी घालत राहिल्या.

डॉक्टर आले. कान, खूर, काखा, सगळं उलटंपालटं करून म्हणाले, "तिघी साफ!" हे आनंदाने मेंढीच्या गळ्यात पडले. त्या गडबडीत मी धीर केला.

"डॉक्टर, गोचिडीची अंडी फुटायला किती दिवस लागतात?"

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. (कोण बोललं, ते बघायला.)

"ऊब आणि ओल मिळाली तर तीन-चार आठवडे," डॉक्टर हसले. "पण त्यांना रोज पाणी कोण घालतंय!"

तेवढ्यात खिडकीतून हाक आली. "अगं, उगवलं!" मग जरा थांबून, बारीक आवाजात, "अगंबाई, चालायलाही लागलं."

सगळे धावलो. कुंडीच्या काठावर खसखशीला पाय फुटले होते, आणि काही दाणे पडदा चढत होते. कुंडीवर उकळतं पाणी ओतलं, पडदा पातेल्यात घातला, आणि मला सगळं कबूल करावं लागलं. डॉक्टरांनी माझ्याकडे कुतूहलाने पाहिलं आणि माझ्या बाहीवरून अलगद एक दाणा उचलला.

सगळे सासऱ्यांकडे बघायला लागले.

ते खाकरले. "अट शेळ्या-मेंढ्यांपुरती होती." थोडा विचार करून म्हणाले, "पण कान तपासून घ्या तिचे."

मग अंगणात मी स्टुलावर बसले. सासूबाईंनी रॉकेलचा डबा धरला आणि ह्यांनी चिमटा घेऊन माझा कान पकडला. मला गुदगुल्या झाल्या.

"हलू नकोस गं!" हे वैतागून म्हणाले. "मेंढीसुद्धा एवढी वळवळत नाही."