माधवरावांच्या ऑफिसात पत्ते

लातूरच्या औसा रोडवरच्या आपल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आपल्या नकळत पंखासुद्धा फिरत नाही, असं माधवराव छातीठोकपणे सांगत. त्यांची पद्धतच तशी! एक काम झालं की ते त्यांना दाखवायचं. त्यांनी मान हलवली तरच पुढचं. आणि मान हलवायच्या आधी ते हमखास म्हणत, "बघू, उद्या सांगतो."

मुरुडच्या डाळमिलचे मालक लालमहंमद या 'उद्या'ला विटले होते. "तुरीच्या गाड्या यायच्या आत ॲप पाहिजे माधवराव! न्हाई तर मी दुसरीकडं जातो!" कंपनीचं मोठं गिऱ्हाईक तेवढं एकच.

"सर, पद्धतच बदलू," नवी इंजिनिअर मृण्मयी म्हणाली. "रोज सकाळी उभ्या उभ्या थोडं बोलून घ्यायचं. जेवढं झालं तेवढं गिऱ्हाइकाला दाखवत जायचं."

"बघू, उद्या सांगतो."

तिनं वाट न बघता सुरुवात केली आणि माधवरावांच्या मनात पाल चुकचुकली. मृण्मयी आणि तिच्या जोडीला काम करणारा शहेबाज रोज सकाळी भिंतीपाशी उभे! अरे, खुर्च्या काय शोभेला आहेत? माणसं अशी उभ्यानं कुजबुजतात ती नोकरी सोडायच्या वेळी! माधवराव जवळ गेले की दोघं गप्प.

"काय चालू हाय?"

"काही न्हाई सर, झालं बोलून."

झालं! संशय पक्का.

एका दुपारी त्यांनी मीटिंगच्या खोलीत डोकावलं आणि त्यांचे डोळेच पांढरे झाले. टेबलावर पत्ते! आणि त्या दोघांबरोबर खेळायला साक्षात लालमहंमद!

"ऑफिसात जुगार? तेबी गिऱ्हाइकाला घिऊन?"

"जुगार न्हाई सर," शहेबाज गडबडला. "कामाला किती दिवस लागतील तेवढ्याचा पत्ता उपडा ठेवायचा, मग सगळ्यांनी एकदम उघडायचा. एकाचं बघून दुसऱ्यानं सांगू नये म्हणून. दुरी म्हंजे दोन दिवस. बादशा म्हंजे कधी होईल, अल्ला जाने!"

"उघडा बघू!"

तिघांनी पत्ते उलटले. तिन्ही बादशा!

"एवढं कोणतं अवघड काम हाय?"

मृण्मयीनं छताकडे पाहिलं. लालमहंमद मात्र बिनधास्त बोलले, "तुमची मंजुरी मिळवायचं! अजून कोणतं?"

माधवरावांचा चेहरा पडला.

"मग, बदलायची का पद्धत?" मृण्मयीनं विचारलं.

"बघू," सवयीनं तोंडातून गेलं, "उद्या..."

लालमहंमद टेबलाखाली चपला शोधायला लागले.

"मंजूर! आत्ता मंजूर!" माधवराव किंचाळले. "फक्त पत्ते माझ्या कपाटात, कुलपात राहतील!"

दुसऱ्या दिवशी शहेबाज पत्ते मागायला गेला. माधवरावांनी खिशातली किल्ली चाचपली आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"कशाला पाहिजेत? बघू, उद्या सांगतो."