दीडशे मीटरची फक्की

वाटूरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या प्रभावतीबाईंनी १९७३ च्या मार्चमध्ये सातवीला शांतपणे सांगितलं, की युरोपात माणसं पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून सुटतात आणि दीडशे मीटर हवेतून जातात. सध्या तर त्याची जागतिक स्पर्धा भरली आहे.

हेडमास्तर साहेबराव दारातच उभे होते. "बाई, उद्यापर्यंत हे गावाला पटवा. न्हाईतर विज्ञानाचे तास मी घेतो."

साहेबराव गुरुत्वाकर्षणसुद्धा छडीनंच शिकवत. तास वाचवायचे तर अंतर डोळ्यांना दिसलं पाहिजे. बाईंनी संध्याकाळी शाळेमागच्या गायरानात टेप लावला, दीडशे मीटरची चुन्याची फक्की सरळ मारली आणि दोन्ही टोकांना झेंड्या रोवल्या. बोटभराचीही चूक नव्हती.

चूक एवढीच, की ते दुष्काळाचं साल होतं, आणि दुष्काळात फक्की म्हणजे रोजंदारीचं सरकारी खोदकाम!

सकाळी बाई येतात तो टिकाव, फावडी, टोपल्या घेऊन शे-दीडशे माणसं हजर. वीस हात खोदूनही झालं होतं. कडा पट्टीनं आखल्यासारख्या, तळ पाणसळ लावल्यासारखा सपाट. बाई पाहतच राहिल्या.

"रस्ता हाय का तलाव?" टोळीची पुढारीण गिरिजाबाईनं विचारलं.

"उडी आहे," म्हणत बाईंनी सगळं सांगितलं.

गिरिजाबाई या झेंडीपासून त्या झेंडीपर्यंत चालत गेली, परत आली. "एवढं? अन् जित्ता उतरतो?"

"पायांवर उतरतो."

"काळीज हाय गड्याला. त्याची माय बघायला थांबती का घरात जाऊन बसती?"

तेवढ्यात साहेबराव ट्रान्झिस्टर घेऊन आले. "ऐका, बाई. वारा सुटला म्हणून काल तुमची स्पर्धा बंद पडली. उडणाऱ्याला वाऱ्याचं भ्या? थापच ही."

"गुरुजी," गिरिजाबाई म्हणाली, "उफणताना वारा फिरला की भूस कुठं जातं?"

"डोळ्यात."

"मंग माणूस कुठं जाईल?"

माणसं हसली. साहेबरावांनी ट्रान्झिस्टर बंद केला. "ठेवा तुमचे तास."

बाईंनी मनोमन गिरिजाबाईला हात जोडले. इतकं सरळ उत्तर त्यांना पुस्तकातही सापडलं नव्हतं.

"पण बाई," गिरिजाबाई म्हणाली, "काम वाऱ्यानं बंद पडलं, मंग त्या गड्यायचा खाडा धरत्यात का हजेरी?"

"हजेरीच धरत असतील. त्यांची काय चूक?"

"बराबर. मंग आमची बी लावा."

शे-दीडशे माणसं ओळीनं खाली बसली. बाईंच्या हातात फक्त सातवीचं हजेरीपुस्तक होतं.